चार फेब्रुवारीची ओळ

शिनपू गावात चुंग ई-छिंगला लोक ‘चुका काढणारी’ म्हणत. त्यात कुचेष्टा नव्हती. तिची नोकरीच ती होती. शहरातल्या एका कंपनीत तिने पंधरा वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम तपासले. कुणी मोठ्या हौसेने काम पुरं करून आणावं आणि हिने दोन दिवसांत त्यातली नेमकी अशी जागा दाखवावी, जिथे बोट लावलं की सगळा डोलारा खाली. तिचं एक सूत्र होतं. मधली उदाहरणं सगळ्यांचीच बरोबर येतात. काठावरची करून बघा. शून्य घालून बघा, महिन्याचा शेवटचा दिवस घालून बघा. घोळ असतो तो उंबरठ्यावरच बसलेला असतो.

वडिलांनी अंथरूण धरलं तेव्हा ती नोकरी सोडून गावी आली. वडील दीड वर्षाने गेले, ती आईजवळ राहिली. चाळिशी उलटलेली, लग्न केलेलं नाही. त्यावर बोलून बोलून गाव दमलं आणि गप्प बसलं. शेतकरी संघाच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, मोठ्या माणसांसाठी वर्ग चालतात. ब्रशने अक्षरं काढायचा, बांबू विणायचा, गुडघ्यांच्या व्यायामाचा. त्यातला प्रोग्रॅमिंगचा वर्ग तिच्याकडे आला. बुधवारी दुपारी दोन ते चार.

तिच्या आधी एक तरुण मास्तर शिकवायचा. गृहपाठ पुस्तकातले द्यायचा: चांदण्यांचा त्रिकोण काढा, शंभराच्या आतल्या मूळ संख्या शोधा. चौथ्या आठवड्याला वर्गात तीन माणसं उरली आणि त्यातलं एक पंख्याखाली डुलकी काढायला येत होतं. ई-छिंगने ठरवलं, आपल्याकडून हे व्हायचं नाही. साठीच्या बाईला चांदण्यांचा त्रिकोण काय करायचाय? तिला तिच्या घरातलंच काहीतरी सोडवायला द्यावं. उन्हाळाभर तिने एका वहीत गृहपाठ जमवले. इतक्या वाट्या तांदूळ, तर पाणी किती. वाळत घातलेल्या पर्सिमन फळांच्या परड्या आज उलटल्या, तर पुन्हा कधी. सरकारी कागदांवरच्या गणराज्याच्या सनातलं जन्मसाल घ्या, त्यात एकोणीसशे अकरा मिळवा आणि जगाच्या हिशेबातलं साल काढा. प्रत्येक गृहपाठापुढे ती लिहायची, कोणत्या आठवड्याला द्यायचा, त्यातून काय शिकायला मिळेल, कुठे अडतील.

वर्ग भरला. बारा नावं आली आणि बाराच्या बारा टिकली. संघाचे चिटणीस जिन्यात भेटून म्हणाले, “बाई, तुम्ही काय जादू केलीत?” ती म्हणाली, “छे हो, नुसता गृहपाठ नीट निवडला.” तोंडाने छे म्हणाली, मनात मात्र फुगली. अशा वेळी माणसाने देवापुढे उदबत्ती जरा जास्त वेळ धरावी. तिने धरली नाही.

वर्गातली सर्वांत पुढची विद्यार्थिनी होती फान युए-ओ. वय साठ. घरी पर्सिमन वाळवण्याचा व्यवसाय, त्यामुळे बोटं कायम काळपट. सगळे तिला युए-ओ काकू म्हणत. पण गावात तिची खरी ओळख वेगळीच होती. नवरी सासरच्या दारात उतरते तेव्हा तिचा हात धरून आत नेणारी बाई कुणीही चालत नाही. सासू-सासरे हयात, नवरा धडधाकट, मुलगा आणि मुलगी दोन्ही, नातवंडं अंगाखांद्यावर. भरल्या घरची अशी सवाष्ण लागते. आणि ती वाघाच्या सालातली नको. दर सालाला एक प्राणी, बारा सालांनी तोच फिरून येतो. वाघाच्या सालात जन्मलेल्याने नवरीच्या वाटेतही येऊ नये. हात धरणं तर लांबच. युए-ओ काकू सशाच्या सालातली. तेवीस वर्षांत तिने एकसष्ट नवरींना हात धरून घरात नेलं होतं. त्या सगळ्यांची नावं आणि लग्नाच्या तारखा संगणकात घालाव्यात, म्हणजे कुणाचा वाढदिवस विसरायला नको, एवढ्यासाठी ती वर्गात आली होती.

तिच्या शेजारी बसत त्सेंग काकू. त्यांच्या मुलाचं लग्न नोव्हेंबरात ठरलं होतं आणि बासष्टावी नवरी म्हणजे त्यांचीच सून. दोघी एकाच पुडीतले उकडलेले भुईमूग खात, एकमेकींच्या पडद्यात डोकावत आणि ई-छिंगची बोलणी खात.

सहाव्या बुधवारी ‘बाकी’ शिकवायची होती. त्यासाठी ई-छिंगने वहीतला सगळ्यात लाडका गृहपाठ राखून ठेवला होता. जन्मसालाला बाराने भागा. बाकी चार उरली तर उंदीर, पाच तर बैल, सहा वाघ, सात ससा, असे बाराही प्राणी. वर्गात जत्रा भरली.

कु आजोबा निवृत्त पोस्टमन, वय चौऱ्याहत्तर. त्यांनी एका बोटाने कळा दाबल्या आणि ओरडले, “बैल! बघा बाई, पन्नास वर्षं बायको जे सांगतेय, ते आज यंत्राने पण सांगितलं.”

“माझं डुक्कर आलं,” त्सेंग काकू म्हणाल्या.

“त्याला यंत्र कशाला लागतं?”

“तुम्ही आपलं गवत खा, बैलोबा!”

हसणं ओसरल्यावर त्सेंग काकूंनीच मुद्दा काढला. “पण बाई, माझी जाऊ जानेवारीतली आहे. कॅलेंडरचं साल नवं लागलेलं, पण आपलं नवं वर्ष लागायचं होतं. तिला आदल्या सालात धरतात. मग हे यंत्र चुकलं की!”

ई-छिंगला आनंदच झाला. हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं. त्याचं उत्तर तिने वहीत आधीच निवडून ठेवलं होतं, आणि पुढचं सगळं त्या निवडीतून घडलं.

उत्तरं दोन होती. चारचौघांच्या हिशेबात साल बदलतं नव्या वर्षाच्या दिवशी, आणि तो दिवस दर साली वेगळ्या तारखेला येतो. तसं करायचं तर सगळ्या सालांच्या तारखांची यादी प्रोग्रॅममध्ये घालावी लागते, आणि वर्गाच्या वेळापत्रकात याद्या नवव्या आठवड्याला होत्या. दुसरा हिशेब पत्रिका मांडणाऱ्यांचा. ते वसंत लागण्याचा दिवस धरतात. तो बहुतेक दर साली चार फेब्रुवारीला येतो. म्हणजे काम एका ओळीत होतं. वहीत तिने दोन्ही लिहिले होते आणि पहिल्यावर काट मारून शेजारी लिहिलं होतं: ‘लांबण. दुसरं सोपं.’

तिने फळ्यावर ती ओळ लिहिली. जन्म चार फेब्रुवारीच्या आधीचा असेल, तर साल एकाने कमी करा. हिशेब दोन आहेत आणि आपण त्यातला सोयीचा घेतोय, हे ती बोलली नाही. नवशिक्यांचा उगाच गोंधळ होईल, असं तिने स्वतःला सांगितलं.

“आता काठावरचं उदाहरण,” ती म्हणाली. “कुणाचा वाढदिवस जानेवारीत?”

“माझा!” युए-ओ काकूने शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला. “तीस जानेवारी, गणराज्य बावन्न. घाला बाई, मोठ्या पडद्यावर घाला!”

ई-छिंगने घातलं. बावन्न अधिक एकोणीसशे अकरा, एकोणीसशे त्रेसष्ट. तारीख चार फेब्रुवारीच्या आधीची, म्हणून बासष्ट. बाकी सहा. भिंतीवरच्या पडद्यावर हातभर अक्षर उमटलं: वाघ.

कु आजोबा आधी हसले. “अरे बाप रे, वाघीण!” मग त्यांचंच हसू अर्ध्यावर अडकलं. त्सेंग काकूंचा हात भुईमुगाच्या पुडीत होता तो तसाच राहिला.

“मी सशाची आहे,” युए-ओ काकू म्हणाली.

ई-छिंगचं लक्ष ओळीकडे होतं. ओळ चालली, अगदी ठरवल्यासारखी चालली, या खुशीत ती होती. “बघा, आपल्याला जन्मभर एक वाटत असतं आणि निघतं दुसरंच,” ती म्हणाली. “यंत्र कुणाचं तोंड बघून सांगत नाही, काकू.”

“म्हणजे नक्की वाघ?” त्सेंग काकूंनी विचारलं.

“हो,” ई-छिंग म्हणाली आणि पुढच्या उदाहरणाकडे वळली.

चार वाजता सगळे उठले. एरवी खुर्च्या सरकवायला थांबणारी युए-ओ काकू त्या दिवशी पहिली जिना उतरली. ई-छिंगच्या ते लक्षातही आलं नाही. घरी जाऊन तिने वहीत लिहिलं, ‘गृहपाठ सहा, उत्तम रंगला.’

शनिवारी आई बाजारातून आली ती पातीच्या कांद्याची जुडी ओट्यावर आपटूनच.

“तुझ्या वर्गात काय शिकवतेस गं तू?”

“का? काय झालं?”

“काय झालं विचारतेस! मासेवालीपासून देवळातल्या झाडूवालीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच. युए-ओ वाघाची निघाली म्हणे. तेवीस वर्षं गावाला फसवलं म्हणे. त्या ल्याओंच्या सुनेने काडीमोड घेतला, तिचा हात हिनेच धरला होता. वरच्या आळीतलीला अजून मूल नाही, तिचाही हिनेच. बोटं मोडून मोजताहेत बाया. त्सेंगांनी तिला नको म्हणून कळवलं. आणि वर म्हणतात काय, आम्ही नाही हो म्हणत, चुंगांच्या ई-छिंगच्या यंत्रात आलं.”

“आई, ते एका हिशेबाने—”

“एका म्हणजे? दुसरा आहे?”

ई-छिंग ओट्यावरची जुडी सरळ करू लागली. आई तिच्याकडे बघत राहिली, मग आत जाऊन वडिलांच्या खणातलं शंभर वर्षांच्या तारखांचं जुनं पंचांग घेऊन आली आणि तिच्यापुढे ठेवलं. ई-छिंगने पान काढलं. त्रेसष्ट सालचं नवं वर्ष लागलं होतं पंचवीस जानेवारीला. तीस जानेवारीला ससा लागून पाच दिवस झाले होते.

बघायला अर्धं मिनिटही लागलं नाही. बुधवारी वर्गातही लागलं नसतं.

“तुला माहीत नव्हतं का?” आईने विचारलं.

नव्हतं, म्हणाली असती तर आईने मानलं असतं. पण पंचांग पुढ्यात उघडं होतं, भिंतीवर वडिलांचा फोटो होता, त्यापुढे सकाळची उदबत्ती राखेची काडी होऊन उभी होती. “दोन हिशेब आहेत हे माहीत होतं,” ती म्हणाली. “मला शिकवायला जो सोपा, तो घेतला.”

आई कांद्याची जुडी सोडून पाती धुवायला लागली. ती ओरडली असती तर बरं, असं ई-छिंगला झालं. पंधरा वर्षं लोकांच्या चुका त्यांच्या तोंडावर सांगितल्या आणि स्वतःची तपासायची वेळ आली तेव्हा आपण एका माणसाची अब्रू भिंतीवर हातभर अक्षरात लावून पुढच्या उदाहरणाकडे वळलो. चूक अज्ञानाची असती तर तिला तोंड होतं. आळसाच्या चुकीला तोंड नसतं.

रविवारी ती अननसाच्या वड्यांचा खोका घेऊन युए-ओ काकूकडे गेली. मागच्या अंगणात पत्र्याच्या छपराखाली काकू बसली होती. समोर केशरी फळांचा ढीग, हातात सोलायची सुरी. पलीकडे तिची अठ्ठ्याऐंशी वर्षांची सासू परडीत फळं मांडत होती. डोंगरावरून वारा येत होता.

“या बाई, बसा. चहा ठेवते.” काकू हसून उठली. तिच्या हसण्याने ई-छिंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“काकू, मी चुकले. तुम्ही सशाच्याच. मी पंचांग बघितलं. पंचवीस तारखेलाच नवं वर्ष—”

“मला ठाऊक आहे,” काकू म्हणाली. “आईने सांगितलेलं आहे. नवं वर्ष लागून पाच दिवसांनी झाले मी, घरात अजून सणाच्या चिकट भाताच्या वड्या शिल्लक होत्या.”

“मग त्या दिवशी बोलला का नाही?”

“बोलले की. मी सशाची म्हणाले. तुम्ही म्हणालात, यंत्र तोंड बघत नाही.”

काकूने एक फळ उचललं, देठाभोवती सुरी फिरवली. साल एका लांब फितीत उतरत गेली.

“राग लोकांचा नाही येत, बाई. मलाच आता झोप लागत नाही. ल्याओंची पोरगी आठवते. उतरताना तिचा पाय मुरगळला होता. मी तेव्हा म्हटलं, बूट नवे आहेत. आता वाटतं, बूट नव्हते, मी होते. देवळाबाहेर पत्रिका मांडणाऱ्या म्हाताऱ्याकडे पण जाऊन आले. तो म्हणाला, वसंतापासून धरलं तर वाघ, नव्या वर्षापासून धरलं तर ससा; तुम्ही काय ते धरा. आता साठाव्या वर्षी मी काय धरू?”

सासूला कमी ऐकू यायचं, पण एवढं तिने ऐकलं. परडीतून मान वर न करता म्हणाली, “मी सून करून आणली ती ससाच आणली. वाघ असता तर मला केव्हाच खाल्लं असतं.”

काकू हसली आणि हसता हसता मनगटाने डोळे पुसले. ई-छिंगने खोका पुढे सरकवला.

“बाई, हे राहू द्या,” काकू म्हणाली. “तुम्ही इथे येऊन चुकले म्हणालात, ते देव तुमच्या खात्यावर लिहील. पण तेव्हा वर्गात अकरा माणसं होती. इथे सासूबाई आणि मी.”

तिने तेवढंच सांगितलं. मग चहा केला, वाळलेली पर्सिमनं कागदात बांधून दिली आणि फाटकापर्यंत सोडायलाही आली. पुढच्या बुधवारी येणार का, हे विचारायची ई-छिंगची छाती झाली नाही.

बुधवारी काकूची खुर्ची रिकामीच होती. त्सेंग काकू एक जागा सोडून बसल्या होत्या. आज कुणी भुईमूग आणले नव्हते.

आदल्या दोन दिवसांत ई-छिंगने काय बोलायचं ते दहादा मनात घोळवलं होतं. प्रत्येक वेळी वाक्य आपोआप गुळगुळीत होत गेलं होतं. तेच आता तिच्या तोंडून बाहेर पडलं. “गेल्या वेळच्या प्रोग्रॅममध्ये एक चूक राहून गेली.”

“राहून गेली?” कु आजोबांनी विचारलं. ते आज हसत नव्हते. “बाई, मी चाळीस वर्षं पत्रं वाटली. पत्र चुकीच्या घरात गेलं की आम्ही पण असंच लिहायचो. पत्र चुकीच्या घरात गेलं. जणू ते आपल्या पायांनी चालत गेलं.”

देवापुढे खरं बोलायला काही लागत नाही, त्याला आधीच ठाऊक असतं. अकरा माणसांपुढे जीभ दगडाची होते. ई-छिंगने खडू खाली ठेवला.

“राहून गेली नाही. मी केली. हिशेब दोन आहेत, हे मला माहीत होतं. आपण सगळे घरी ज्याने मोजतो, त्याने युए-ओ काकू सशाच्या आहेत. मी दुसरा घेतला, कारण तो एका ओळीत होत होता. तुम्हाला ते सांगितलं नाही. काकू सशाची आहे म्हणाल्या, तेव्हा त्यांना विचारायचं सोडून मी त्यांनाच ऐकवलं. त्सेंग काकूंनी ‘नक्की वाघ?’ असं विचारलं, तेव्हा न बघता हो म्हणाले. काकूंनी कुणाला फसवलेलं नाही. फसवलं असेल तर मी.” आणि ती वाकली, कमरेत वाकली, आणि बराच वेळ तशीच राहिली. वर बघायचं धाडस नव्हतं.

त्सेंग काकूंचा आवाज आला तो रडवेला. “बाई, तुम्ही आज सांगता. मी सोमवारीच छिऊ वहिनींना नवरीचा हात धरायला सांगून मानाचं लाल पाकीट देऊन आले. आता ते परत कसं मागू? तिचा अपमान नाही का? आणि तो पत्रिकावाला पण वसंतापासूनच धरतो. तुम्ही पण तेच धरलं होतंत.”

“मी सोपं म्हणून धरलं, काकू. खरं म्हणून नाही.”

“असेल. पण सून माझी आहे. शंभरातला एक हिशेब जरी वाघ म्हणत असला, तरी माझी हिंमत होत नाही. मी युए-ओच्या दारावरून जाताना स्कूटरचा दिवा मालवते, माहितीये? वीस वर्षांची मैत्रीण माझी.” आणि त्यांनी तोंड रुमालात घातलं.

शेवटी कु आजोबांनीच पिशवीतून तसंच शंभर वर्षांचं पंचांग काढून टेबलावर ठेवलं. “नववा आठवडा आज करा,” ते म्हणाले. “याद्या शिकवा. मी तारखा वाचतो, तुम्ही सगळे टाइप करा.” तासभर ते एकेका सालची तारीख वाचत राहिले आणि बाकीचे दहा जण एका बोटाने, दोन बोटांनी ती घालत राहिले. चार वाजता मोठ्या पडद्यावर तीस जानेवारी पुन्हा घातली. ससा आला. कुणी टाळी वाजवली नाही. संगणकात ससा आला होता. गावात वाघ सुटलेला होता, आणि त्याला परत बोलवायची कुठलीही ओळ ई-छिंगला येत नव्हती.

त्या आठवड्यात तिने गृहपाठांची वही पुन्हा काढली. दहाव्या आठवड्यासाठी होतं, ‘मुलांची वयं मोठ्याकडून लहानाकडे लावा.’ कु आजोबांचा थोरला मुलगा नदीत बुडून गेलेला. सगळ्या गावाला ठाऊक आहे. तिलाही ठाऊक होतं. तरी ते लिहिताना आठवलं नव्हतं. अकराव्यासाठी, ‘आई-वडिलांची नावं विचारून ओळ छापा.’ मागच्या रांगेतली एक बाई लहानपणीच दुसऱ्या घरी दिलेली. ती कुणाची नावं घालणार? एकेका गृहपाठापुढे तिने बारा नावं धरून पाहिली. घरातलं द्यायचं म्हणून तिने सगळ्यांच्या घरात हात घातला होता, आणि आत कोण झोपलंय, कोण आजारी आहे, हे एकदाही डोकावून पाहिलं नव्हतं. काटा मारता मारता वहीत तांदूळ-पाण्याचा हिशेब आणि परड्या एवढंच उरलं. ज्या तरुण मास्तराला ती मनात हसली होती, त्याच्या चांदण्यांच्या त्रिकोणाने निदान कुणाला घरी रडवलं नव्हतं.

त्सेंगांचं लग्न नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी होतं. वर्गाला सगळ्यांनाच आमंत्रण. अंगणात मांडव, लाल टेबलक्लॉथ, आचाऱ्यांच्या मोठ्या कढयांतून आल्याचा आणि तळलेल्या कांद्याचा वास. पाचवं टेबल वर्गाचं. ई-छिंग कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली, आणि थोड्या वेळाने युए-ओ काकू आली. गर्द लाल सदरा, केस नीट बांधलेले. टेबलावरचं बोलणं थांबलं. ती येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

“न येऊन कसं चालेल?” ती ई-छिंगशेजारी बसत म्हणाली. “घरी बसले तर खरंच म्हणतील. आणि कु आजोबांनी सांगितलं मला, वर्गात तुम्ही काय बोललात ते. मधे मधे स्वतःचंच जास्त सांगत होते, पण सांगितलं.”

“त्याने काही झालं नाही, काकू.”

“नाही झालं,” काकूने सरळ कबूल केलं आणि तिच्या कपात चहा ओतला.

एवढ्यात रस्त्यावर फटाके कडाडले. नवऱ्याच्या मामाने कर्णा तोंडाला लावला. “नवरी आली! वाघाच्या सालातली मंडळी असतील त्यांनी मागच्या अंगणात जावं, नाहीतर पाठ फिरवावी! राग नसावा!” दोन-तीन माणसं हसत उठली. एक तरुण बियरचा ग्लास घेऊन मागे गेला. आणि मग मांडवातल्या माना एकेक करून पाचव्या टेबलाकडे वळल्या. दारात उभ्या त्सेंग काकूही बघत होत्या. बघवत नव्हतं तरी बघत होत्या.

युए-ओ काकूने स्टूल उचललं, फिरवलं आणि दाराकडे पाठ करून बसली.

“काकू!” ई-छिंग तिच्याकडे झुकली. “तुम्ही सशाच्या आहात.”

“असेन.”

“मग कशाला—”

“पोर नवी आहे, बाई. उद्या तिला शिंक आली तरी या सगळ्यांना मी आठवेन. तिच्या संसारात आपला संशय कशाला ठेवू?”

ई-छिंगने स्वतःचं स्टूल धरलं, फिरवायला लागली. काकूने तिचं मनगट दाबून धरलं.

“तुम्ही नाही. तुम्ही पुढे बघा. मला सांगा. छिऊ वहिनीने हात खालून धरलाय की वरून?”

ई-छिंगने पाहिलं. “खालून.”

“बरं आहे. हल्लीच्या पोरींच्या टाचा उंच. नवरीच्या डोक्यावर बांबूची चाळण धरलीय?”

“धरलीय. थोडी कललीय.”

“कुठल्या अंगाला?”

“डाव्या.”

काकूचा मांडीवरचा हात आपोआप वर आला, हवेत काहीतरी सरळ केल्यासारखा हलला आणि पुन्हा मांडीवर आला. सगळा मांडव दाराकडे बघत होता. तिच्यासमोर नुसती वाळत घातलेल्या पंच्यांची दोरी होती.

“निखाऱ्यांची परात आली असेल,” ती म्हणाली. “पाय उचलला का? झगा सावरलाय ना कुणी?”

ई-छिंगच्या डोळ्यांपुढे लाल, पांढरं, धूर सगळं एकमेकांत मिसळून गेलं होतं.

“बाई? ओलांडलं का तिने?”

‘हो’ अगदी ओठांवर आलं होतं. ई-छिंगने दोन्ही तळव्यांनी डोळे कोरडे केले आणि उठून उभी राहिली.

“थांबा काकू,” ती म्हणाली. “नीट बघून सांगते.”